लाल गाडीवरचा ओरखडा

माझा हात चटकन उठायचा. आज हे सरळ सांगतो. तेव्हा मी त्याला शिस्त म्हणायचो. वालीवला एका कारखान्यात मी प्रेस-शॉपचा सुपरवायझर होतो. पत्रा कापणारी आणि वाकवणारी मशिनं दिवसभर धाडधाड करत, आणि कुणी माल बिघडवला की त्याच्या कानाखाली माझी बसे. एकदा एका कामगाराला पाना फेकून मारला होता. तो मांडीवर लागला आणि तो माणूस तीन दिवस लंगडत कामावर आला. मालकांचं म्हणणं होतं, तुम्ही आहात म्हणून शॉप चालतं.

मनवेलपाड्यातल्या आमच्या इमारतीत मात्र मी सभ्य गृहस्थ. सोसायटीचा सेक्रेटरी, गणपतीला वर्गणीची पावती फाडणारा. बायकोवर आणि मुलीवर मी कधी हात उचलला नव्हता, आणि ही गोष्ट मी लोकांना त्यांनी न विचारता सांगायचो. माझ्या वडिलांनी आम्हाला कमरेच्या पट्ट्याने झोडलेलं होतं. त्यांच्या मानाने मी बराच सुधारलोय, असं मला मनापासून वाटायचं.

दोन हजार सालानंतर तीनेक वर्षांनी मी जुनी लाल गाडी घेतली. आमच्या मजल्यावरची पहिली. त्या जानेवारीत सव्वीस तारखेला जोडून सुट्ट्या आल्या आणि मी तीन दिवसांचा बेत आखला. सकाळी निघायचं, निर्मळवरून समुद्राकाठच्या गावांतून अर्नाळ्यापर्यंत रमतगमत जायचं, तिथे मासे खायचे, मग हायवेला लागून नाशिक. दुसऱ्या दिवशी द्राक्षांचे मळे आणि वाईन बनवतात ती जागा बघायची. वाईनचं वेड मला कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने लावलं. तो वसईच्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातला. दर नाताळात घरी केलेल्या वाईनची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आणून द्यायचा. मुलीला वेलीवर लागलेली द्राक्षं बघायची होती. ती अकरा वर्षांची होती. बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका, तिला कुठेही चालणार होतं; फक्त गाडी हळू चालवा, एवढंच तिचं म्हणणं.

निर्मळच्या पुढे रस्ता केळीच्या वाड्यांमधून जातो. सायकलवर फुलांच्या करंड्या बांधून बायका चालल्या होत्या. मुलगी मागच्या काचेला नाक लावून रस्त्यातले क्रूस मोजत होती. मी पहाटे उठून गाडी दोनदा धुतली होती. इतका खूश मी क्वचित असायचो.

अर्नाळ्याच्या अलीकडच्या एका कोळीवाड्यात रस्ता एकदम अरुंद झाला. दोन्ही बाजूंना बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. डावीकडच्या बोळातून एक माणूस मोपेडवर आला. पन्नाशीचा असेल. मागे बर्फातल्या माशांचे दोन क्रेट बांधलेले. त्याने ब्रेक मारला, मोपेड तिरकी झाली, आणि क्रेटचा कोपरा माझ्या पुढच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत घासत गेला. तो आवाज मला दातांत जाणवला.

मी उतरलो. पापलेटं आणि बर्फ रस्त्यावर पसरला होता. तो माणूस मोपेड सावरत उभा राहिला, गाडीत डोकावला आणि म्हणाला, "कोनाला लागला नाय ना, सायब?"

आणि हसला.

मी त्याच्या थोबाडीत मारली. डोक्यावरची टोपी उडून बर्फात पडली. तो गालाला हात लावून दोन पावलं मागे गेला.

"अरे, मारतो कशाला? रंग लावून देतो ना मी. होडीचा रंग हाय घरात, लालच हाय." दारात उभ्या असलेल्या दोन बायकांकडे बघून तो पुन्हा हसला.

"हसतोस?" मी म्हणालो. "माझ्यावर हसतोस?"

गाडीच्या सीटखाली स्टीअरिंगला लावायचं लोखंडी लॉक होतं, हातभर लांब. मी ते काढलं. बायको आतून ओरडली, "अहो, नको! अहो!" मी ऐकलं, आणि तरीही मारलं. डोक्यावर मारणार होतो. त्याने डावा हात मध्ये घातला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि मनगटाच्या वर, जिथे सांधा नसतो तिथे, त्याचा हात वाकला. तो ओरडला नाही. माशांवर बसला आणि आपल्या हाताकडे बघत राहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

मग दारातली एक बाई ओरडली आणि सगळा रस्ता माणसांनी भरला. मी गाडीत घुसलो. खिडकीतून चार-पाच हात आत आले. कुणी कॉलर धरली, शर्ट खांद्यापर्यंत फाटला. कानावर काहीतरी लाकडी बसलं आणि उजवीकडचं सगळं ऐकू येईनासं झालं. बायकोच्या बाजूचं दार कुणीतरी उघडलं होतं. तिला कुणी हात लावला नाही. हातात मासे कापायची सुरी घेतलेली एक बाई वाकून तिला म्हणाली, "बाय, तू उतर. पोरीला घे नि उतर. हा जनावर हाय."

ती काही करायच्या आत मी गाडी दामटली. बॉनेटला धरलेला एक जण बाजूला कोसळला. त्याला किती लागलं ते मी पाहिलं नाही. मागून दगड आले. तिसरा की चौथा दगड मागच्या काचेवर बसला आणि अख्खी काच माझ्या मुलीच्या अंगावर आली.

आगाशीवरून विरार, तिथून रूळ ओलांडून पूर्वेला. मी कुठेही थांबलो नाही. मनवेलपाड्याच्या वळणावर बायको म्हणाली, "घरी चला."

"हॉटेलचं बुकिंग आहे," मी म्हणालो. खरं कारण वेगळं होतं. काच फुटलेली लाल गाडी इमारतीखाली उभी करायची मला भीती वाटत होती. शिरसाड फाट्यावर एका टायरवाल्याकडून मागे प्लास्टिक लावून घेतलं, वरून खाकी चिकटपट्टी. तोवर बायको मुलीच्या केसांतले काचेचे कण एकेक करून वेचत होती. कानामागे एक कण रुतला होता, तिथून रक्त फ्रॉकच्या गळ्यावर उतरलं होतं. मुलगी रडत नव्हती. एकदा उतरून तिने रस्त्याकडेला उलटी केली आणि परत येऊन बसली.

अंबाडीच्या पुढे बायकोने विचारलं, "हात मोडला ना त्याचा?"

"नसेल."

"मी आवाज ऐकला."

यानंतर नाशिकपर्यंत मागचं प्लास्टिक फडफडत होतं. आणि आता खोटं कशाला बोलू, मला आतून बरं वाटत होतं. कान ठणकत होता, पण छातीत एक गरम समाधान होतं. मी कुणाच्या बापाला भीत नाही, असलं काहीतरी. कसाऱ्याच्या घाटात मी शीळ घातली. बायकोने माझ्याकडे वळून पाहिलं, तेव्हा बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मळ्यावर गेलो. का गेलो, हे आजही नीट सांगता येत नाही. पैसे भरले होते, आणि काही घडलंच नाही असं वागायला मला ते हवं होतं. द्राक्षांच्या रांगा डोंगरापर्यंत गेलेल्या, प्रत्येक रांगेच्या तोंडाशी गुलाबाचं झाड. एक तरुण मुलगी सगळं समजावून सांगत होती. रोग आला तर आधी गुलाबावर दिसतो, वगैरे. माझ्या मुलीने वेलीवरचा घड बघितला, पण हात लावला नाही.

वर गच्चीवर वाईन चाखायला बसवलं. लांब टेबल, पाच-पाच ग्लास, प्रत्येकात दोन घोट. मुलीला द्राक्षाचा रस. आमच्या टेबलावर मुंबईची दोन जोडपी होती. त्यांतल्या एकाने खालची आमची गाडी पाहिली होती. त्याने विचारलं, "मागची काच कशी गेली?"

तिसरा ग्लास संपला होता. मी सांगायला लागलो. गावातून जात होतो, एका दारुड्याने मोपेड घातली, मी नुसतं विचारलं तर सगळं गाव धावून आलं. बायका सुऱ्या घेऊन. लहान मुलगी गाडीत आहे हेसुद्धा बघितलं नाही. कान दाखवला. ते चौघं चुकचुकत होते. "हे लोक असेच," एक जण म्हणाला. मला आणखी जोर चढला. मी म्हणालो, "मी होतो म्हणून निसटलो. दुसरा कुणी असता तर—"

"तो दारू प्यायला नव्हता," माझी मुलगी म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती माझ्याकडे बघत नव्हती, रसाच्या ग्लासकडे बघत होती. वर्गात उत्तर द्यावं तशा आवाजात म्हणाली, "त्याने विचारलं, कुणाला लागलं नाही ना. बाबांनी लोखंडाने त्याचा हात मोडला."

मी तिला मारलं. उलट्या हाताने, तोंडावर. विचार असा काही आला नाही, हात गेला. ती खुर्चीसकट मागे पडली. ओठ फाटला आणि दातांवर रक्त आलं. ग्लास फुटले.

बायको कधी उठली ते मला कळलं नाही. ती सडपातळ बाई, आवाज चढवायची नाही कधी. तिने डाव्या हाताने माझा शर्ट धरला आणि उजव्या हाताने मारलं. परत मारलं. परत. प्रत्येक फटक्याला एकच विचारत होती, "हिच्यावर? हिच्यावर हात टाकलास?" लग्नाला चौदा वर्षं झाली होती. ती मला पहिल्यांदाच अरे-तुरे करत होती.

मी मूठ आवळून वर उचलली. ती मूठ खाली आली असती. हे मी कोर्टातसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही, पण ती आली असती. मागून दोन वेटर आणि दारावरचा गार्ड माझ्यावर पडले. एकाचं कोपर तोंडावर बसलं, दात हलला. मला जिन्यावरून फरफटत खाली नेलं आणि पार्किंगच्या खडीत टाकलं. गार्डने जाता जाता कमरेत एक लाथ घातली. ती ड्युटीतली नव्हती, त्याच्या मनातली होती.

अर्ध्या तासाने बायको मुलीला घेऊन खाली आली. मुलीच्या ओठावर बर्फाचा रुमाल. बायको माझ्यापासून चार हातांवर थांबली.

"आता इथून सरळ त्या माणसाच्या घरी जायचं," ती म्हणाली. "नाहीतर मी हिला घेऊन एस.टी.ने निघते, आणि तुझ्या घरात परत पाय ठेवत नाही."

"ते मला मारून टाकतील."

"मारू देत."

मी गाडी चालवली. दुसरं काय करणार होतो? दोघीही मागे बसल्या, फडफडणाऱ्या प्लास्टिकच्या पुढ्यात. मनवेलपाड्याला मुलीला शेजारणीकडे सोडलं. शेजारीण तिच्या ओठाकडे आणि मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली. बायको म्हणाली, "रात्री सांगते." मग ती माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसली.

कोळीवाड्यात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. गाडी थांबायच्या आत लोकांनी ओळखली. मी दार उघडलं आणि एक पाय जमिनीवर ठेवला. दुसरा मला ठेवू दिला नाही. ज्याचा हात मोडला होता त्याचा धाकटा भाऊ पुढे होता. त्याच्यामागे आणखी तिघं-चौघं. पहिल्या ठोशाला हललेला दात गेला. मी खाली पडलो, मग लाथा. बरगडीत काहीतरी तुटलं, श्वास घेतला की तिथे सुरी फिरल्यासारखं व्हायचं. तोंडात वाळू आणि माशांची खवलं गेली. कुणीतरी माझे केस धरून डोकं रस्त्यावर आपटलं. मी ओरडत होतो. माफी मागत होतो की नुसता आईला हाक मारत होतो, ते आठवत नाही.

बायको गाडीला टेकून उभी होती. तिने कुणाला अडवलं नाही. पुढे खूप वर्षांनी मी तिला त्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, "मी मनात आकडे मोजत होते. शंभर झाले की मध्ये पडायचं ठरवलं होतं. साठला ती बाई आली."

ती बाई म्हणजे कालची सुरीवाली. तीच त्या माणसाची बायको होती. तिने दिराला दंडाला धरून मागे ओढलं. "पुरं करा आता. मेला त आपल्याच दारात मरंल."

त्यांच्या अंगणात नेलं. मला चालता येत नव्हतं, दोघांनी काखेत धरलं. तो माणूस जाळ्यांच्या ढिगाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर, हात गळ्यात बांधलेला. मागे घरात येशूच्या तसबिरीपुढे लाल बल्ब लागलेला दिसत होता. मला त्याच्यासमोर जमिनीवर बसवलं. माझ्या नाकातून रक्त त्यांच्या सारवलेल्या अंगणात पडत होतं आणि मी ते हाताने पुसायला लागलो.

"ते राहूंदे," तो म्हणाला. "मना येवढाच सांग. हसलो म्हनून मारलास?"

"हो," मी म्हणालो.

त्याने प्लास्टरचा हात मांडीवर सावरून घेतला. मग म्हणाला, "माझा तोंडच तसा हाय. बापूस मेला तवा पन लोक बोलले, हसतो कशाला."

कुणी हसलं नाही. त्याचा भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"माफ करा," मी म्हणालो.

"माफ नाय करनार," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, बर्फ संपला म्हणावं तसं म्हणाला. "पोलिसांत जा. तुझ्या तोंडान सांग. आमी काल गाडीचा नंबर दिलाय, पन अर्धाच दिसला."

बायकोने हात जोडले. मग ती त्या बाईजवळ गेली आणि काहीतरी बोलली. माझ्या बधिर कानाला ते ऐकू आलं नाही. त्या बाईने तिला तांब्याभर पाणी दिलं. मला दिलं नाही.

पोलीस चौकीवर मी आत गेलो तेव्हा हवालदाराने माझं तोंड पाहून वही पुढे ओढली आणि विचारलं, "कुणी मारलं?" मी म्हणालो, "तक्रार माझी नाही, माझ्याविरुद्ध आहे." त्याला ते दोनदा सांगावं लागलं. मला मारणाऱ्यांची नावं त्याने विचारली, मी दिली नाहीत. पडलो म्हणून सांगितलं. माझ्या हातून त्या दोन दिवसांत झालेलं बरं काम तेवढंच.

केस वसईच्या कोर्टात चालली. तो माणूस साक्षीला आला तेव्हा त्याचं प्लास्टर कधीच निघालं होतं, पण मनगट फिरत नव्हतं आणि मूठ पुरती मिटत नव्हती. वकिलाने विचारलं, किती वेळा मारलं? तो म्हणाला, "एक थोबाडीत, नि लोखंडान एकदाच. पन जोरात." वाढवून सांगितलं नाही. त्या हाताने जाळं ओढता येईना, म्हणून त्याने होडीवर जाणं सोडलं. त्याची बायको मासे विकायला बसायची तिथे तिच्या शेजारी बसून तो बर्फ फोडायचा, उजव्या हाताने. हे मला आगाशीच्या बाजारात दुरून दिसलं. मी त्याच्यापर्यंत गेलो नाही.

त्याच्या साक्षीनंतर मी गुन्हा कबूल केला आणि मला तीन महिन्यांची कैद झाली. ती मी ठाण्याच्या तुरुंगात काढली. आत मी मार खाल्ला, आणि एकदा दिलाही. पाण्याच्या रांगेवरून एकाचं डोकं भिंतीवर आपटलं. म्हणजे दोन दिवसांत माणूस बदलला, असलं काही झालं नव्हतं. कारखान्यातली नोकरी गेली. गाडी बायकोने विकून टाकली.

तुरुंगात जाईपर्यंतच्या काळात मुलगी माझ्याशी बोलत होती, पण हाक मारत नव्हती. "जेवायला बोलावलंय," "फोन आहे," असं. मी ताटावर बसलो की ती आपलं ताट आईच्या पलीकडे सरकवायची. ओठावरची खूण पुसट झाली होती. मी वाकून तिच्या बाजूचं मीठ घेतलं, तरी तिचे डोळे मिटायचे.

सुटलो त्या सकाळी बायको एकटीच ठाण्याला आली होती. गेटसमोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "तिने एक विचारायला सांगितलंय."

"काय?"

"तिच्या खोलीच्या दाराला आतून कडी हवी आहे. तुम्ही यायच्या आधी लावून घेऊ का, म्हणत होती. मी म्हटलं, तेच लावतील."

विरारला उतरल्यावर स्टेशनसमोरच्या हार्डवेअरच्या दुकानातून मी पितळेची कडी घेतली, आणि स्क्रू. घरी गेलो. मुलगी खोलीच्या कोपऱ्यात, पलंगाच्या पलीकडे उभी राहिली. मी तिच्याकडे पाठ करून दारात बसलो, गिरमिटाने भोकं पाडली आणि कडी बसवली. लाकूड कडक होतं, वेळ लागला. तेवढा वेळ ती तिथून हलली नाही.

झाल्यावर मी बाहेर आलो. तिने दार लोटलं. कडी सरकल्याचा आवाज आला, मग उघडल्याचा, मग पुन्हा लागल्याचा. मी बाहेर उभा होतो, हातात स्क्रू-ड्रायव्हर धरून. आतून ती म्हणाली, "लागते."